उंच बॉनेटखालचे दुसरे इंजिन

जुन्या अमेरिकी गाडीत पुढच्या काळातले इंजिन आणि गिअरबॉक्स बसवण्याचे काम जालना जिल्ह्यात मुख्यतः एकाच वाहनावर होते. ते वाहन म्हणजे विलीजच्या आराखड्याची छोटी जीप. शेव्हरोले, डॉज, प्लिमथ अशा लांबरुंद मोटारी मुंबईच्या डांबरी रस्त्यांवर शोभल्या. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत, जिथे पावसाळ्यात पाणंदीतून बैलगाडी काढणेही जिकिरीचे, तिथे चारही चाके ओढणारी जीपच कामाला आली. शेतावर, बाजार समितीत, प्रचारफेरीत आणि नवरदेवाच्या वरातीत ती सारख्याच हक्काने उभी राहिली. म्हणूनच तिचे मूळ इंजिन थकल्यावर तिला टाकून देण्याऐवजी तिच्यात दुसरे इंजिन बसवण्याचा विचार लोकांना सुचला.

ओहायो राज्यातील टोलेडो येथे विलीज-ओव्हरलँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धासाठी ‘एमबी’ जीप बनवली. तिचे ‘गो डेव्हिल’ इंजिन चार सिलिंडरचे, २,१९९ सीसीचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या ‘डिस्पोजल’च्या जीप भारतभर गेल्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा अँड महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. १९५३ साली अमेरिकेत आलेले सीजे-३बी हे मॉडेल तिथे १९६८ला थांबले. भारतात मात्र त्याचा साचा त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. आज खेड्यापाड्यांत ‘विलीज’ म्हणून ओळखली जाणारी गाडी बहुतेकदा हीच असते, मग तिच्या पाटीवर महिंद्राचे नाव का असेना.

सीजे-३बी लांबूनही ओळखू येते ती तिच्या उंच बॉनेटमुळे. त्या उंचीचे कारण इंजिनबदलातच आहे. ‘गो डेव्हिल’मध्ये आत घेणारे आणि बाहेर सोडणारे दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला होते. त्याच बोअर आणि स्ट्रोकवर विलीजने ‘हरिकेन’ इंजिन बेतले, त्यात आत घेणारा वॉल्व्ह डोक्यावर नेला आणि ताकद सत्तरीच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने चासी तशीच ठेवून बॉनेट वर उचलले. महिंद्राने पुढे १९७०च्या दशकात याच गाडीत ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन घातले, आणि १९८०च्या दशकात फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या परवान्याचे २,११२ सीसीचे ‘एक्सडीपी ४.९०’ आले. त्यानंतरचे २,५२३ सीसीचे थेट इंधनफवारणीचे ‘डीआय’ इंजिन तर काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपमुळे मराठवाड्याच्या कानाला सरावाचे झाले. म्हणजे या गाडीच्या आयुष्यात इंजिन बदलत राहिले आणि चौकट टिकली, असे खुद्द बनवणाऱ्यांच्याच हातून घडले आहे. गॅरेजमध्ये होणारा बदल हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा ठरू शकतो, मात्र तो त्याच तोलाने केला तर.

अमेरिकेत हा उद्योग शक्तीसाठी चालतो. १९५५च्या शेव्हरोलेत १९९७नंतरचे ‘एलएस’ घराण्यातले व्ही-८ इंजिन आणि सहा गिअरची पेटी बसवणे तिथे आता इतके रुळले आहे, की त्यासाठीचे फाउंडेशन म्हणजे इंजिन धरणारे आधार, ऑइल पॅन, वायरिंग सगळे तयार संचात मिळते. भारतातले कारण टंचाईचे होते. १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८पासून चालवलेला जोडणीचा कारखाना १९५४ साली बंद केला, फोर्डही गेली. रस्त्यावरच्या अमेरिकी मोटारी राहिल्या, त्यांचे भाग येणे आटले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ जोडल्या, त्यांचेही पुढे तेच झाले. मुंबईच्या ‘बडी टॅक्सी’च्या, म्हणजे टॅक्सी झालेल्या याच लांबरुंद मोटारींच्या, बॉनेटखाली मग पर्किन्ससारखी डिझेल इंजिने आली. १९६०नंतर अमेरिकी व्यापारबंदीत सापडलेल्या क्युबामध्येही नेमके हेच झाले. भाग मिळेनासे होतात तेव्हा मिस्त्रीची बुद्धी सगळीकडे एकाच दिशेने जाते.

डिझेलच्या स्वस्ताईने या कारणाला मोठे बळ दिले. पेट्रोलचे दर जून २०१०मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. तोपर्यंत दोन्हींच्या भावांत मोठी तफावत होती. ‘हरिकेन’ इंजिन पेट्रोल भरपूर पिते. शेताच्या कामाला रोज बाहेर पडणाऱ्या गाडीला ते परवडत नव्हते. आज ती तफावत बरीच कमी झाली आहे, आणि जो आजही इंजिन बदलतो तो पैशांच्या हिशेबापेक्षा सुट्या भागांच्या खात्रीसाठी बदलतो. डीआय इंजिनाचा लायनर, रिंग, नोझल किंवा वॉटर पंप बाजारात सहज मिळतो. ‘हरिकेन’च्या हेडला तडा गेला, तर मात्र महिने जातात.

जालन्यात या कामाला एक वेगळी पार्श्वभूमीही आहे. औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखाने इंडक्शन भट्टीत भंगार वितळवून बिलेट ओततात आणि त्यापासून बांधकामाच्या सळ्या लाटतात. देशभरातून आलेल्या भंगारात मोडीत काढलेली वाहनेही असतात. इथल्या जुन्या जीपसमोर म्हणूनच दोनच वाटा असतात, आणि दोन्ही जवळ आहेत: भट्टीची आणि गॅरेजची. चासी कुजलेली, कागद हरवलेले, बॉडी चाळणी झालेली असेल, तर पहिली वाट प्रामाणिक आहे. पण चासी धड असेल आणि केवळ इंजिन बसलेले असेल, तर तीच गाडी आणखी एक पिढी चालू शकते. शहरात लेथ आणि वेल्डिंगची जाणकार माणसे कमी नाहीत. रोलिंग मिलच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्यांना शाफ्ट, बुश आणि फ्लँज यांचे माप समजावून सांगावे लागत नाही, आणि इंजिनबदलात अर्धे काम याच वस्तूंचे असते.

काम कागदापासून सुरू होते, आणि ते तिथूनच सुरू झाले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे यासारख्या मोजक्या गोष्टींना अटींसह वाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. इंजिन क्रमांक, इंधन आणि क्षमता हे सारे प्रमाणपत्रात छापलेले असते. त्यामुळे मूळची डिझेल म्हणूनच नोंदलेली, महिंद्राचीच जीप आणि त्याच कंपनीचे त्याच जातीचे इंजिन, ही सर्वांत निर्धोक बाब. पेट्रोल म्हणून नोंदलेल्या गाडीत डिझेल घालायचे असेल, तर एकही बोल्ट सोडण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. एमएच-२१ क्रमांकाच्या गाडीसाठी ते कार्यालय जालन्यातच आहे. आधी इंजिन बसवून मग नोंद करून घेऊ, हा क्रम महागात पडतो: नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडकते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयते कारण मिळते.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि तिची मुदत दहा वर्षांची आहे. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातली अट आहे. याचा अर्थ सरळ आहे. ज्या विलीजमध्ये मूळ इंजिन चालू अवस्थेत आहे, तिला हात लावू नये. तिचे इंजिन दुरुस्त करावे, लागतील तेवढे महिने थांबावे. दुसरे इंजिन घालायची गाडी ती, जिचे मूळ इंजिन आधीच गेलेले आहे किंवा जिच्यात पूर्वी कोणीतरी कसेबसे भलतेच इंजिन अडकवलेले आहे. जालन्यात अशा भलत्या इंजिनाच्या जीप अधिक दिसतात, आणि तिथे नवे काम म्हणजे बहुतेकदा जुन्या वाईट कामाची दुरुस्ती असते.

इंजिन येते ते मोडीत निघालेल्या महिंद्राच्या कमांडर, बोलेरो किंवा तशाच गाडीतून. ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन क्रमांक लिहिलेली विक्रीची पावती, हे दोन्ही हातात आल्याशिवाय सौदा करू नये. शक्य असेल तर इंजिन त्या गाडीत असतानाच चालू करून पाहावे. ऑइल भरण्याचे झाकण उघडले आणि आतून धुराचे झोत यायला लागले, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग आणि लायनर संपले. निळा धूर ऑइल जळत असल्याचा, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा पाण्याचा किंवा न जळलेल्या डिझेलचा. काळ्या धुराची भीती सर्वांत कमी, तो पुष्कळदा पंप आणि नोझल बसवून घेतले की जातो. जमिनीवर पडलेले, ऑइलने पुसून चकचकीत केलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी ते हाफ इंजिनचे, म्हणजे रिंग-लायनर बदलण्याचे, काम गृहीत धरूनच घ्यावे.

इंजिनासोबत त्याचीच गिअरपेटी घ्यावी, हा या कामातला सर्वांत मोलाचा नियम. विलीजची मूळ ‘टी-९०’ पेटी तीन गिअरची आणि पेट्रोल इंजिनाच्या मऊ ओढीसाठी घडवलेली आहे. डीआय इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांवर येते आणि तिला प्रत्येक स्फोटाचा ठोका असतो; जुन्या पेटीचे दात आणि बेअरिंग तो ठोका फार दिवस सोसत नाहीत. शिवाय वेगळ्या घरची पेटी जोडायची, तर मध्ये लेथवर कातलेली प्लेट टाकावी लागते. त्या प्लेटचा मध्य क्रँकच्या मध्याशी तंतोतंत जुळला नाही, तर क्लच अर्धवट सुटतो, पायलट बेअरिंग किंचाळते आणि पेटीचा पुढचा शाफ्ट झिजतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून, क्रँक हाताने फिरवत बेल हाउसिंगचे भोक तपासावे लागते, आणि इंचाच्या पाच हजारांशांहून जास्त चूक निघाली तर ती सुधारावी लागते. डॉवेल पिनशिवाय, नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवून जोडलेली पेटी पहिल्याच मोठ्या झटक्याला जागा सोडते.

पण कमांडरची पेटी घेताना एक मोठा धोका असतो. बहुतेक काळ्या-पिवळ्या कमांडर फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांच्या पेटीला पुढच्या चाकांकडे ओढ वळवणारी ट्रान्सफर केस नाही. ती तशीच जीपमध्ये बसवली, की पुढचा प्रोपेलर शाफ्ट निरुपयोगी होतो आणि चारही चाकांवर चालणारी जीप दोन चाकांची होते. असे केलेल्या गाड्या अंबड, घनसावंगीच्या बाजूला ठायीठायी दिसतात. कोरड्या रस्त्यावर त्या बिनतक्रार चालतात. पण ज्या गुणामुळे ही गाडी या मातीत आली, तोच गुण तिच्यातून काढून घेतलेला असतो. हा तोटा कोणत्याही वाचलेल्या पैशांनी भरून निघत नाही. महिंद्राच्या पुढच्या काळातील चारचाकी ओढीच्या जीपची पेटी तिच्या ट्रान्सफर केससह शोधण्यात चार महिने गेले तरी चालतील.

मग मापे. इंजिन उतरवण्यापूर्वी मूळ इंजिनाच्या पंख्यापासून रेडिएटर किती, क्रँकचा मध्य चासीच्या वरच्या कडेपासून किती, मागच्या डिफरन्शियलचे तोंड किती कलते, हे सगळे लिहून ठेवतात. बॉनेट, रेडिएटर, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट काढून, चेनपुलीवर इंजिन आणि पेटी एकत्र उचलली जाते. उघडी पडलेली चासी धुऊन तपासली जाते ती याच टप्प्यावर, कारण अशी संधी पुन्हा मिळत नाही. पुढच्या पाट्यांचे हँगर आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे धरलेला असतो ती जागा, या दोन ठिकाणी जुन्या विलीजला तडे जातात. त्यावर नुसती वेल्डिंगची रेघ ओढणे म्हणजे तडा झाकणे. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवतात, मग वेल्ड करून वरून पट्टी मारतात.

नवे इंजिन आधी तात्पुरते टेकवतात, पुन्हा उचलतात, पुन्हा टेकवतात. सीजे-३बीचा व्हीलबेस अवघा ८० इंच. इंजिन मागे सरकवले तर फायरवॉल आड येते आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट वीतभर उरतो. पुढे सरकवले तर पंखा रेडिएटरला भिडतो. खाली घेतले तर पाटे दबल्यावर पुढचे डिफरन्शियल ऑइल पॅनवर आदळते, वर घेतले तर उंच बॉनेटही पुरत नाही. यांतली प्रत्येक अडचण एका बाजूला सोडवली की दुसऱ्या बाजूला उभी राहते. अनुभवी मिस्त्री इथे घाई करत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, गाडीचा पुढचा भाग जॅकवर खालीवर करून, कुठे काय लागते ते पाहतो, आणि सगळे मोकळे आहे याची खात्री झाल्यावरच फाउंडेशनचे माप लेथवाल्याकडे जाते.

फाउंडेशन चासीला वेल्ड करायचे की बोल्टने जोडायचे, यावर गॅरेजमध्ये मतभेद असतात. वेल्डिंग झटपट होते, पण बोल्टची जोडणी श्रेष्ठ म्हणावी लागेल. बोल्टचे फाउंडेशन सोडता येते. उद्या ‘हरिकेन’चे हेड कुठे सापडले, तर मूळ इंजिन मूळ भोकांवर परत बसते. याच कारणासाठी काढलेले इंजिन, पेटी, कार्बोरेटर आणि डायनॅमो भंगारात न देता ऑइल चोळून, तोंडे बंद करून जपून ठेवावेत. जिथून परत येता येते तोच बदल चांगला, असे मानणारे मिस्त्री कमी आहेत, पण त्यांच्या गाड्या ओळखू येतात. चासीला जिथे-तिथे कापल्याच्या खुणा नसतात.

फाउंडेशनमधले रबर मऊ असावे लागते, कारण डीआय इंजिन संथ फिरताना जोरात हादरते. कडक रबरावर बसवले तर तो हादरा सबंध बॉडीत उतरतो: मडगार्डचे नट गळतात, हेडलाइटच्या तारा तुटतात, रेडिएटरचे झाळकाम सुटते. क्लचच्या मूळ दांड्यांच्या जोडणीत हा हादरा पेडलपर्यंत पोहोचतो, म्हणून तिथे ऑइलवर चालणारा क्लच अधिक बरा.

प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचे कापून बॅलन्स करून घेतात. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे क्रॉस एका रेषेत असावेत, आणि पेटीच्या शाफ्टचा व डिफरन्शियलच्या पिनियनचा कल परस्परांना समांतर असावा. नाहीतर ठरावीक वेगाला गाडी घुमू लागते आणि क्रॉस वरचेवर बदलावे लागतात. शाफ्ट वीतभर उरलेला असेल तर त्याचा कोन तीव्र होतो. अशा गाडीला पाटे वाढवून आणखी उंच करण्याचा मोह टाळावा.

मग गतीचा हिशेब. विलीजच्या डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ असते. ‘हरिकेन’ ४,००० फेऱ्यांपर्यंत जाई, म्हणून ते चालून जात असे. ३,२०० फेऱ्यांच्या आसपास थांबणाऱ्या डिझेल इंजिनाला, ६.००-१६ टायरवर आणि थेट टॉप गिअरमध्ये, हे प्रमाण ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही, आणि तेवढ्यालाही इंजिन ओरडत असते. यावर उपाय दोन: पाचवा गिअर असलेली पेटी किंवा कमी प्रमाणाचा क्राउन-पिनियन. दुसऱ्या उपायात पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शियल एकसारखे बदलावे लागतात. एकच बदलले तर चारचाकी ओढ घालताच ट्रान्सफर केस आवळून बसते. शेतात काम करणाऱ्या गाडीला खरे तर ५.३८च हवे. ८० किलोमीटरचा वेग तिला पुरतो, आणि पुरला पाहिजे. पेटी बदलली तरी स्पीडोमीटर बिघडत नाही, कारण त्याची केबल ट्रान्सफर केसवरून निघते. क्राउन-पिनियन किंवा टायर बदलला की मात्र आकडा खोटा होतो.

जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. डिझेल इंजिनासाठी मूळ रेडिएटर त्या दिवसांत पुरत नाही. त्याच्याच चौकटीत जाड कोअर भरून घेतला आणि पंख्याभोवती कव्हर बसवले, तर जीपचा मूळचा चेहरा तसाच राहतो आणि पाणीही उकळत नाही. कव्हर नसलेला पंखा बॉनेटखालचीच गरम हवा पुन्हा फिरवत बसतो.

विलीजची इंधन टाकी चालकाच्या बैठकीखाली असते आणि तिला परतीची नळी नसते. डिझेल पंप आणि नोझलमधून उरलेले इंधन टाकीत परत यावे लागते, म्हणून टाकीला नवे तोंड जोडावे लागते. ते जोडण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करून, पाण्याने धुऊन, वाफा घालवाव्या लागतात. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करणे जिवावर बेतते. आतला गंज तसाच राहिला तर नवा पंप काही दिवसांतच खराब होतो. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि नळ्यांतली एअर नीट काढावी.

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. विलीजचे मूळ वायपर याच व्हॅक्यूमवर चालत, त्यामुळे इंजिन बदलताच ते मुके होतात आणि विजेवरचे बसवावे लागतात. ब्रेकला बूस्टर हवा असेल तर अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असलेली जोडी शोधावी लागते. जुनी गाडी ६ व्होल्टची असेल तर सगळी वायरिंग १२ व्होल्टवर न्यावी लागते. डिझेलच्या सेल्फला मोठी बॅटरी आणि जाड अर्थ केबल हवी. चासीपासून इंजिनापर्यंतची अर्थ विसरली, की विद्युतप्रवाह अॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार लाल होते. जुना यांत्रिक पंप असेल तर चावी बंद केल्याने इंजिन थांबत नाही, त्याला स्टॉप केबल लागते.

यांत्रिक पंपाचे हे इंजिन आता दुर्मिळ होत चालले आहे. प्रदूषणाचे निकष म्हणून १ एप्रिल २०१७ला देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या इंजिनांना संगणक, सेन्सर आणि चावीची चिप यांचा संपूर्ण संच लागतो. असे कॉमन रेल इंजिन जीपमध्ये बसवता येते, पण दाता गाडीची वायरिंग एकही तार न कापता आणावी लागते, आणि बिघाड झाला तर स्पॅनरबरोबर स्कॅनरही हाताशी हवा. खेड्यातल्या मालकाला तो मिळत नाही. अशा गाडीसाठी शक्ती कमी असली तरी यांत्रिक पंपच योग्य.

आणि ब्रेक. ही बाब सर्वांत शेवटी येते आणि पैसे संपलेले असतात म्हणून पुष्कळदा राहूनच जाते. यासारखी दुसरी धोक्याची गोष्ट या कामात नाही. मूळ गाडीला नऊ इंची ड्रम, बूस्टर नाही आणि एकच मास्टर सिलिंडर. त्याची एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. वाढलेले वजन आणि वेग त्याच्या भरवशावर सोडणे अक्षम्य आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे असलेला मास्टर सिलिंडर आणि पुढच्या काळातील महिंद्राचे मोठे ड्रम किंवा डिस्क, हे इंजिनाच्या किमतीतच धरले पाहिजे. मालकाकडे तेवढे पैसे नसतील तर मिस्त्रीने इंजिनाचे काम हाती घेऊ नये. जड इंजिनाखाली पुढचे पाटे बसतात, तिथे एखादा पाटा वाढवावा लागतो, तेही याच खर्चात.

गाडी उभी राहिल्यावर पहिले काही दिवस ती गावाजवळच चालवतात. आधी रिकामी, मग माणसे बसवून, मग राजूरच्या टेकडीपर्यंत, म्हणजे चढावर पाणी किती तापते आणि उतारावर ब्रेक कसे धरतात ते कळते. परत आल्यावर फाउंडेशन, बेल हाउसिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट पुन्हा आवळतात, ऑइलची पहिली बदली लवकर करतात, आणि ऑइल कुठे पाझरते ते खाली पुठ्ठा टाकून पाहतात. त्याच वेळी एका वहीत सगळे भाग लिहून ठेवावेत: क्लचप्लेट कोणत्या गाडीची, बेल्टचा क्रमांक कोणता, क्रॉस कोणत्या मापाचे, प्लेट कोणत्या लेथवर कातली, वायरींचे रंग कसे बदलले. मंठ्याला किंवा भोकरदनला ही जीप कधी बंद पडली, तर तिथल्या मिस्त्रीला बॉनेट उघडल्यावर महिंद्राचे इंजिन, विलीजचे डिफरन्शियल आणि तिसऱ्याच गाडीचे ब्रेक एकत्र दिसतील, आणि त्या वहीशिवाय त्याला एकही भाग नेमका मागवता येणार नाही.